मुलुंडहून मरोळला : विजेच्या दुचाकीवरून

१८५३ साली एप्रिलच्या १६ तारखेस बोरीबंदराहून ठाण्यास जी पहिली आगगाडी गेली, तिची वाट मुलुंडच्या शिवारातूनच होती. त्या दिवसापासून ह्या गावाचे तोंड जे दक्षिणेकडे वळले, ते पुढे सव्वाशे-दीडशे वर्षे तसेच राहिले. मुलुंडच्या माणसाने सकाळी डबा घेऊन फलाटावर यावे, फोर्टात किंवा परळच्या गिरणीत जावे आणि संध्याकाळी त्याच रुळांवरून परतावे, असा हा परिपाठ होता. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत विजेची पहिली आगगाडी धावली, पुढे वीज हळूहळू उपनगरांकडे सरकली आणि विजेच्या जोरावर नोकरीस जाणे ही गोष्ट येथील लोकांच्या अंगवळणी पडली. तेव्हा विजेवर प्रवास करणे ह्यात मुलुंडकराला नवे असे काही नाही. वीज आता त्याच्या मांडीखालच्या दोन चाकांत आली आहे, एवढेच काय ते नवे.

ही दोन चाके हवीशी का वाटू लागली, हे समजण्यास नकाशा पाहिला पाहिजे. गेल्या काही दशकांत मुंबईतील नोकऱ्या जागा बदलून बसल्या. गिरण्या गेल्या, फोर्टातील कचेऱ्यांपैकी कित्येक वांद्रे-कुर्ला संकुलात आल्या, १९७३ साली अंधेरीस सीप्झची वसाहत निघाली आणि तिच्या भोवती मरोळ, चकाला, साकीनाका येथे कारखाने व संगणकाच्या कचेऱ्या दाटल्या, पवईस नवे नगर उभे राहिले, खाडीपलीकडे ऐरोलीस तसेच झाले. माणूस मात्र मुलुंडातच राहिला, कारण घर बदलणे नोकरी बदलण्याइतके सोपे नसते. आता आगगाडी उत्तर-दक्षिण धावते आणि ह्या नोकऱ्या बहुतेक पश्चिमेस आहेत. मधे डोंगर आहे, राष्ट्रीय उद्यानाचे रान आहे, तुळशी व विहार हे तलाव आहेत. मुलुंडहून मरोळ पक्ष्याला जवळ आहे, माणसाला नाही. दादरपर्यंत खाली उतरून पश्चिम रेल्वेने पुन्हा अंधेरीपर्यंत वर चढणे हा शुद्ध द्राविडी प्राणायाम होता आणि तो लोकांनी वर्षानुवर्षे केला. ८ जून २०१४ रोजी घाटकोपर ते वर्सोवा ही मेट्रो सुरू झाली, तेव्हा त्यातून पुष्कळशी सुटका झाली खरी; परंतु नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी अशी स्थानके करीत घाटकोपर गाठावयाचे, तेथल्या जिन्यावरच्या लोंढ्यात शिरावयाचे, मेट्रोने मरोळ नाका गाठावयाचा आणि पुढे पुन्हा रिक्षा शोधावयाची, ह्यात प्रवासाचे तीन तुकडे पडतात. प्रत्येक सांध्यावर वेळ सांडतो.

गर्दीचा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही, ही गोष्टही येथे स्पष्ट सांगितली पाहिजे. २०२३ व २०२४ ह्या दोन्ही वर्षी मुंबईच्या उपनगरी लोहमार्गांवर दोन हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यांत रूळ ओलांडणारे पुष्कळ, परंतु दारातून पडणारेही कमी नाहीत. ९ जून २०२५ च्या सकाळी दिवा व मुंब्रा ह्यांच्या दरम्यान दोन भरलेल्या गाड्या एकमेकींजवळून जात असता दारात लोंबकळणारे प्रवासी खाली पडले आणि त्यांतले काही प्राणास मुकले. ही बातमी वाचून मुलुंडच्या घराघरांतून ‘उद्यापासून दुसरे काही पाहा’ असे म्हटले गेले नसेल तर नवल.

शिवाय पाळ्यांचा प्रश्न आहेच. रुग्णालयातील परिचारिका, सीप्झमधील कामगार, परदेशच्या वेळेप्रमाणे चालणाऱ्या कचेऱ्यांतील तरुण मुले-मुली ह्यांची सुटी रात्री एक-दोनला होते. त्या वेळी लोकल निजलेली असते. शेवटची गाडी मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात जाते आणि पहिली पहाटे चारच्या सुमारास निघते. ज्याच्या कामाची वेळ ह्या खिंडीत सापडते, त्याला स्वतःचे वाहन ही चैन उरत नाही.

आता हे वाहन म्हणजे नेमके काय? ‘ई-बाईक’ ह्या एका शब्दाखाली लोक दोन निराळ्या वस्तू एकत्र करतात आणि त्यातून पुढे पोलिसांशी हुज्जत घालण्याचे प्रसंग येतात. पहिली वस्तू म्हणजे मोटार लावलेली सायकल. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे जिच्या मोटारीची शक्ती पाव किलोवॅटपेक्षा, म्हणजे २५० वॅटपेक्षा कमी, जिचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि जिचे वजन बॅटरी वगळता ६० किलोच्या मर्यादेत, ती कायद्याच्या दृष्टीने मोटारगाडीच नव्हे. तिला नोंदणी नको, चालविण्याचा परवाना नको. दुसरी वस्तू म्हणजे विजेची स्कूटर किंवा मोटारसायकल. ती पेट्रोलच्या गाडीची सख्खी बहीण. तिला नोंदणी, परवाना, विमा आणि शिरस्त्राण हे सर्व सोपस्कार पाहिजेत; फरक इतकाच, की तिच्या क्रमांकाची पाटी हिरवी असते.

ह्या दोहोंच्या मधे एक तिसरी, चोरटी जात आहे. सायकल म्हणून विकावयाची आणि दुकानातच एक तार काढून अगर मोटार बदलून तिला ताशी चाळीस-पंचेचाळीसच्या वेगाने पळवावयाची. मे २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी असले बेकायदा फेरफार करणाऱ्यांवर कारवाईचे आदेश काढले. दंडाची गोष्ट बाजूला ठेवली, तरी अशा गाडीला विमा नसतो. तिच्याखाली कोणी सापडले तर भरपाई चालविणाऱ्याच्या घरातून जाते, आणि चालविणाराच सापडला तर ती कोठूनच येत नाही.

कल्पना जुनी आहे. १८९५ च्या डिसेंबरात अमेरिकेतील ऑग्डेन बोल्टन नावाच्या गृहस्थाने मागच्या चाकाच्या तुंब्यातच मोटार बसविलेल्या सायकलीचे पेटंट घेतले. त्याची बॅटरी दहा व्होल्टची आणि तीमधून प्रवाह शंभर अँपियरपर्यंत घ्यावयाचा. एवढा प्रवाह शिशाच्या त्या काळच्या बॅटरीने किती वेळ पुरवावा? मोटार तयार होती, शिदोरी नव्हती. ती शिदोरी लिथियमच्या बॅटरीने दिली, आणि ती बाजारात येण्यास १९९१ साल उजाडावे लागले. १९९३ साली जपानात यामाहाने पायडल मारणाऱ्यास मोटारीची साथ देणारी सायकल विक्रीस काढली. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर पायडल व यंत्र ह्यांची जोडी येथे परकी नव्हे. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक कंपनीने काढलेली लूना हे पायडलाचेच वाहन होते, आणि ज्या घरांत मोटारसायकल परवडत नव्हती तेथील शिक्षक, टपालखात्यातील कारकून, दूधवाले तिच्यावरून गावभर हिंडले. त्याच लूनाचा विजेवर चालणारा अवतार फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला. बजाजची चेतक तर त्याआधीच, जानेवारी २०२० मध्ये, विजेवर परत आली होती.

सायकलीच्या अंगी काय आहे ते आता पाहू. मागच्या किंवा पुढच्या चाकाच्या मध्यभागी एक जाड डबी दिसते. तीत तांब्याच्या वेटोळ्यांचा स्थिर भाग व त्याभोवती फिरणारी चुंबकांची कडी असते. वेटोळ्यांतून प्रवाह क्रमाक्रमाने सोडला की चुंबकांची कडी त्याच्या मागे धावते आणि तिच्याबरोबर चाक. प्रवाह केव्हा कोणत्या वेटोळ्यात सोडावयाचा, हे ठरविणारी एक लहानशी पेटी असते. तिला कंट्रोलर म्हणतात. पायडलापाशी बसविलेला संवेदक पाय फिरू लागल्याची वर्दी ह्या पेटीस देतो. ब्रेकच्या दांड्यालाही एक कळ असते, ती दाबताच मोटार बंद पडते. उरली बॅटरी. ३६ व्होल्ट व १० अँपियर-तास असे जिच्यावर लिहिले असते, तिच्या पोटात बोटाएवढ्या जाडीच्या चाळीसएक कांड्या असतात. छत्तिसाला दहाने गुणले की ३६० वॅट-तास येतात. ही तिची शिदोरी.

ती किती लांब पुरेल, ह्या प्रश्नावर दुकानदार व ग्राहक ह्यांचे जन्माचे भांडण आहे. परंतु हा हिशेब गुप्त नाही. शाळेतल्या पदार्थविज्ञानाने तो सुटतो. माणूस, सायकल, डबा व पिशवी मिळून वजन १०० किलो धरावे आणि वेग ताशी २२ किलोमीटर. सपाट डांबरी रस्त्यावर चाकांच्या घर्षणाचा विरोध सुमारे ८ न्यूटन होतो आणि वाऱ्याचा सुमारे १२. अंगावर न जाणवणारा वारा घर्षणाहून अधिक खातो, ही ह्या हिशेबातली पहिली मौज. एकूण २० न्यूटनचा विरोध सोशीत एक किलोमीटर जाण्यास साडेपाच वॅट-तास काम पडते. त्यात सिग्नलांची भर घालावी. उभ्या सायकलीस पुन्हा २२ च्या वेगाला आणण्यास दर खेपेस अर्धा वॅट-तास लागतो, आणि ब्रेक लावला की तो तापून वाया जातो. लालबहादुर शास्त्री मार्गावर किलोमीटरमागे दोन वेळा थांबावे लागते असे धरले, तर ते काही फारसे अन्यायाचे होणार नाही. मोटारीत व तारांत सुमारे पंचमांश वीज उष्णता होऊन जाते. हे सर्व मिळवून पाय न हलविता किलोमीटरमागे साधारण आठ वॅट-तास खर्च होतो.

मुलुंड स्थानकाच्या पश्चिमेकडून निघून भांडुप व कांजूरमार्ग ओलांडावे, गांधीनगरच्या चौकात उजवीकडे वळून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता धरावा, पवईच्या तंत्रज्ञान संस्थेचे दार व तलावाचा काठ मागे टाकून मरोळच्या औद्योगिक वसाहतीत उतरावे, ही वाट सुमारे १५ किलोमीटरची आहे. जाऊन येऊन ३०. आठाने गुणले तर २४० वॅट-तास. राहिला पवईचा चढ. ह्या चढाचा पुष्कळांनी धसका घेतलेला असतो. परंतु तो ४० मीटरचा धरला, तरी शंभर किलोचे ओझे तेवढे वर उचलण्यास अवघे ११ वॅट-तास पडतात आणि मोटारीची तूट धरून १४-१५. म्हणजे चढाची किंमत दोन किलोमीटर सपाट रस्त्याएवढी. चढ बॅटरीला जड जात नाही, तो मोटारीच्या दमाला जड जातो: २५० वॅटची मोटार शंभरात चार मीटर चढणाऱ्या रस्त्यावर पायांची थोडी मदत घेऊनही ताशी पंधराच्या आसपास येते, मागच्या बसचा भोंगा वाजू लागतो आणि चालविणाऱ्यास वाटते की बॅटरी संपली.

येताना-जाताना दोन्हीकडून हा चढ चढावयाचा, म्हणून ३० वॅट-तास आणखी. बेरीज २७०. ३६० च्या बॅटरीत हे सुखाने बसते, असे कोणासही वाटेल, आणि पहिले वर्षभर ते बसतेही. पण लिथियमची बॅटरी झिजते. सुमारे पाचशे वेळा पूर्ण भरून रिकामी केली की तिची शक्ती मूळच्या चार पंचमांशांवर येते. म्हणजे ३६० ची २८८ होते. ह्या वाटेवर रोज तीनचतुर्थांश बॅटरी खर्ची पडते, तेव्हा हा पल्ला दोन-सव्वादोन वर्षांत गाठला जातो. २८८ शिलकेत २७० खर्च, म्हणजे एका वाऱ्याच्या दिवसाला, एका हवा कमी असलेल्या चाकाला किंवा वाटेत भाजी घेण्यासाठी घातलेल्या एका वळशालाही जागा उरत नाही. दुकानात ‘साठ किलोमीटर जाते’ असे सांगितले जाते तेव्हा विकणारा खोटे बोलतोच असे नाही. तो पायडल मारणाऱ्या, सडपातळ, कोठेही न थांबणाऱ्या एखाद्या आदर्श पुरुषाविषयी बोलत असतो. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, तसे येथे सांगितलेल्या पल्ल्याचे निम्मे हेच आपले अंथरूण असे समजून चालावे.

ह्यातून वाट काढावयाच्या तऱ्हा दोन. कचेरीत दुपारी बॅटरी भरून घ्यावी ही एक. परंतु ती कचेरीच्या मर्जीवर अवलंबून. दुसरी, पाय चालवावेत. सामान्य प्रकृतीचा माणूस घाम न फुटता पाऊणशे वॅटचे काम तासभर करू शकतो, आणि तेवढ्याने सपाट रस्त्यावरील निम्म्याहून अधिक भार तो स्वतः उचलतो. खर्च किलोमीटरमागे आठाचा चार-साडेचारावर येतो आणि झिजलेली बॅटरीदेखील दोन्ही वेळचा प्रवास निभावते. मुलुंड ते मरोळ हे अंतर ह्या रीतीने पन्नास मिनिटांत होते. सकाळी साडेनऊला त्याच रस्त्यावर चारचाकी गाडीतून जाणारा गृहस्थ कित्येकदा नंतर पोहोचतो. आणि सिग्नलाशी काचेआडून तो ह्या सायकलीकडे जसा पाहतो, ते पाहणे बोलके असते.

पैशाचा हिशेबही असाच थोडा खोलात जाऊन केला पाहिजे. बॅटरीत २७० वॅट-तास भरण्यास भिंतीतून सुमारे ३२० घ्यावे लागतात, म्हणजे एक तृतीयांश युनिट. युनिटला दहा-बारा रुपये धरले तरी दिवसाचे तीन-चार रुपये होतात. मुलुंड व भांडुप ह्यांची येथे एक गंमत आहे : मुंबईच्या उपनगरांत इतरत्र बहुतेक खासगी कंपन्यांची वीज, शहरात बेस्टची, ह्या कोपऱ्यात मात्र राज्याच्या महावितरणची. तेवढेच अंतर पेट्रोलच्या स्कूटरवर जावयाचे तर लिटरला ४५ किलोमीटरच्या हिशेबाने दोन तृतीयांश लिटर पेट्रोल जळते, आणि लिटरचा भाव मुंबईत २०२१ च्या मे महिन्यात शंभरावर गेला. ते दिवसाचे सत्तर रुपये होतात. एकीकडे चार, दुसरीकडे सत्तर, असा हा सामना जाहिरातीत शोभतो. परंतु नवी बॅटरी पंधरा हजारांची धरली आणि ती सहा-साडेसहाशे दिवस पूर्ण कामाची धरली, तर तिची झीज दिवसाला तेवीस-चोवीस रुपये पडते. विजेच्या सायकलीत खरी महाग वस्तू वीज नव्हे, वीज साठविण्याची डबी आहे. हा आकडा धरूनही सायकल स्कूटरपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. लोकलच्या दुसऱ्या वर्गाच्या मासिक पासाशी मात्र तिने स्पर्धा करू नये. त्या पासाएवढा स्वस्त प्रवास जगात फार थोड्या शहरांत मिळत असेल. ज्याची कचेरी दादरला किंवा भायखळ्याला, फलाटापासून पाच मिनिटांवर आहे, त्याने ही सायकल हौसेखातर घ्यावी, काटकसरीसाठी नव्हे.

धुराचे म्हणाल तर तो नाहीसा झालेला नाही, त्याने गाव बदलले आहे. १९१५ साली खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईच्या गिरण्यांस वीज येऊ लागली तेव्हा ती सह्याद्रीच्या पावसाची वीज होती. आजची बहुतांशी कोळशाची. तरी युनिटमागे सुमारे पाऊण किलो कर्बवायू धरला तर सायकलीच्या दिवसाच्या फेरीस पाव किलो पडतो, स्कूटरच्या पेट्रोलास दीड किलो.

आता ज्या भागाविषयी ढिलाई करून भागत नाही, तेथे येऊ. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत एका घरात विजेच्या स्कूटरची बॅटरी रात्री भरत ठेवली होती. ती पहाटे फुटली. घरातला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी गेला. त्या वर्षी देशात ठिकठिकाणी अशा आगी लागल्या, आणि नोंदणीच्या विजेच्या दुचाकींच्या बॅटऱ्यांकरिता सरकारने कसोट्या कडक केल्या; त्या डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांनी अमलात आल्या. एका कांडीने पेट घेतला तरी शेजारच्या कांड्यांनी घेऊ नये, आत पाणी शिरू नये, कांड्या तापू लागल्या तर सूचना मिळावी, हा त्या कसोट्यांचा भर.

बॅटरी पेटते कशी? अति भरल्याने, आपटल्याने, पाणी आत गेल्याने किंवा मूळच्या दोषाने कांडीतील दोन पत्र्यांमधला पातळ पडदा फाटतो; आतल्या आत प्रवाह वाहू लागतो, उष्णता वाढते, उष्णतेने रासायनिक क्रिया वेग घेते आणि तिने आणखी उष्णता होते. हे चक्र एकदा सुरू झाले की बादलीभर पाण्याने थांबत नाही. शिवाय निघणारा वायू विषारी असतो. म्हणून जी बॅटरी घरात भरावयाची तिच्याविषयी काही पथ्ये पाळावीत. चार्जर मूळचाच असावा. लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळालेला, व्होल्टचा आकडा जुळणारा तेवढा नसावा. उन्हातून आलेली बॅटरी अर्धा तास निवू द्यावी. पडून चेमटलेली अगर फुगलेली बॅटरी पुन्हा भरू नये. निजानीज झाल्यावर ती भरत ठेवू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, ती दाराच्या वाटेत ठेवू नये. मुलुंडातील जुन्या, उद्वाहक नसलेल्या तीन-चार मजली इमारतींतून पुष्कळ घरांत मोकळी जागा म्हणून असते ती दाराजवळच. चपलांच्या खणाशेजारी बॅटरी लावली जाते. तेथे आग लागली तर घरातल्यांची बाहेर पडण्याची एकमेव वाट तीच बंद करते. स्वयंपाकघरापासून दूर, गादी-पडद्यांपासून लांब, फरशीवर, खिडकीपाशी ही त्यातल्या त्यात बरी जागा.

सायकलीची बॅटरी अडीच-तीन किलोची असल्याने जिन्यावरून हातात नेता येते. स्कूटरची बहुधा गाडीतच पक्की बसविलेली असते, तेव्हा तिला वाहनतळावर वीज हवी आणि तेथे गृहनिर्माण संस्थेच्या सभेचा प्रश्न उपस्थित होतो. तार कोणाच्या मीटरवरून यावी, जिन्याखालच्या जुन्या वायरीस तो भार झेपेल काय, एकाला दिले तर उद्या दहा जण मागतील, ही चर्चा अनेक संस्थांत वर्षवर्ष चालते. घरच्या चालू जोडणीवरून आपले वाहन भरण्यास केंद्र सरकारच्या वीजखात्याने जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतच मुभा दिली आहे. परंतु दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली सोडलेली तार म्हणजे ती मुभा नव्हे. पावसात अशा तारेवरून मुले ये-जा करतात. स्वतःच्या मीटरपासून नळीतून नेलेली स्वतंत्र वायर, तिला अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारी कळ एवढे हवेच, आणि ते परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करवून घ्यावे.

पाऊस हा तर मुंबईच्या प्रत्येक यंत्राचा परीक्षक. चांगल्या बॅटरीच्या व मोटारीच्या अंगावर पाणीरोधाचा आकडा लिहिलेला असतो. त्यातील ६७ ह्याचा अर्थ मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडविले तरी आत पाणी शिरत नाही. पण ही कसोटी नव्या वस्तूची, स्वच्छ पाण्याची आणि उभ्या सायकलीची. तीन पावसाळे झालेले रबराचे वायसर, चिखलाचे पाणी आणि खड्ड्यातले हादरे ह्यांना तो आकडा लागू नाही. जोडाच्या पिना हिरव्या पडतात आणि सायकल मधेच दम टाकू लागते. दोष मोटारीचा समजून लोक मोटार बदलतात. गुडघाभर पाणी दिसले की उतरावे व ढकलीत न्यावे, किंवा त्या दिवशी लोकलच धरावी. पाण्याखाली रस्ता आहे की उघडे भोक, हे कोणत्याही आकड्याने कळत नाही.

रस्त्याविषयी एक तक्रार रास्त आहे. दक्षिणेकडे जाणारे जे नवे वेगवान मार्ग झाले, ईस्टर्न फ्रीवे, वांद्रे-वरळी सागरी सेतू, किनारी मार्ग, त्यांवर दुचाकीला प्रवेश नाही. सुरक्षिततेचे कारण पुढे केले जाते व ते अगदीच पोकळ नाही. पण त्यामुळे ज्या वाहनातून सर्वांत अधिक लोक स्वतःच्या कामावर जातात, त्यालाच जुन्या, अरुंद व खणून ठेवलेल्या रस्त्यांवर राहावे लागते. मेट्रोच्या बांधकामाने लालबहादुर शास्त्री मार्ग व पवईचा जोडरस्ता दोन्ही वर्षानुवर्षे आवळले गेले. ताशी बावीसच्या वेगाची सायकल तेथे न पादचाऱ्यांची, न मोटारींची. डाव्या कडेस उभ्या रिक्षा, उजवीकडे डंपर. त्यातून तिला आवाज नाही. लोकांचे कान अजून इंजिनाच्या आवाजावर रस्ता ओलांडतात, म्हणून घंटी वाजवीत जावी लागते. कायदा ह्या लहान सायकलीला शिरस्त्राणाची सक्ती करीत नाही, पण डंपरचे चाक कायद्याची व्याख्या वाचून फिरत नाही.

आणि वाटेत बॅटरी संपलीच तर? स्कूटर असेल तर ती शंभर किलोहून अधिक ओझे होऊन बसते. पंप कोठेही सापडतो, तशी वीज कोठेही सापडत नाही आणि सापडली तरी पाच मिनिटांत भरत नाही. सायकल असेल तर गोष्ट निराळी. रात्री दीड वाजता गांधीनगरच्या चौकात जिचा शेवटचा दिवा विझला, ती परिचारिका दोन पायडले मारून पाहते; मोटारीचे वजन जाणवते, वेग ताशी बारावर येतो, परंतु चाक फिरते. भांडुपपर्यंत रस्ता सपाट आहे. मुलुंडच्या फाटकाशी येईतो अडीच वाजत नाहीत, आणि जिना चढताना तिच्या हातात तीन किलोची रिकामी बॅटरी असते.